लक्झरी गाडीचे ब्रेक पॅड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वॉरंटी संपलेली मर्सिडीज, बीएमडब्ल्यू, ऑडी, व्होल्वो किंवा लँड रोव्हर वापरणाऱ्यांसाठी ही उत्तरं आहेत. शोरूमचं एस्टिमेट हातात पडतं, त्यात पुढचे पॅड, मागचे पॅड, डिस्क, सेन्सर, ब्रेक ऑइल, लेबर असं ओळीने लिहिलेलं असतं, आणि यातलं खरंच काय लागणार आहे हा प्रश्न उरतो. सेकंडहँड लक्झरी गाडी घेतलेल्यांना तो जास्तच छळतो, कारण गाडी अर्ध्या किमतीत मिळाली तरी पार्ट पूर्ण किमतीचेच असतात.

पॅड किती किलोमीटरला बदलायचे?

किलोमीटरवर जाऊ नका, मिलिमीटरवर जा. एकाच मॉडेलच्या दोन गाड्या घ्या. एक रोज अंधेरीहून बीकेसीला जाते, दुसरी आठवड्यातून दोनदा पुणे-नाशिक करते. पहिलीचे पॅड संपतील तेव्हा दुसरीचे निम्मेही झिजलेले नसतील. त्यामुळे 'तीस हजार झाले, बदलून टाका' हा सल्ला निव्वळ अंदाज आहे.

नव्या पॅडवर घर्षणाचा थर साधारण १० ते १२ मिलिमीटर असतो. मागची पोलादी पट्टी यात धरायची नाही. थर ४ वर आला की पार्टची चौकशी सुरू करा आणि ३ ला बदला. ब्रिटनमधल्या वार्षिक एमओटी तपासणीत दीड मिलिमीटरखालचा पॅड नापास होतो, पण तिथवर जाण्यात शहाणपण नाही. थर जितका पातळ, तितकी चाकासोबत फिरणाऱ्या डिस्कची उष्णता पॅड दाबणाऱ्या पिस्टनकडे आणि तिथून ब्रेक ऑइलकडे लवकर पोचते. सपाट रस्त्यावर हे जाणवत नाही, घाटात जाणवतं.

अलॉय चाकाच्या फटीतून दिसतो तो बाहेरचा पॅड. आतला दिसत नाही, आणि कॅलिपरच्या, म्हणजे पॅड धरून डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या, सरकत्या पिना अडकल्या असतील तर तोच आधी संपतो. म्हणून माप चाक काढूनच घ्यायचं. प्रत्येक सर्व्हिसला जॉब कार्डवर चारही चाकांचे आकडे मिलिमीटरमध्ये लिहून मागा. 'पॅड चाळीस टक्के आहेत' या वाक्याला अर्थ नाही. कुणी थर शून्य होईपर्यंतचे टक्के मोजतो, कुणी ३ मिलिमीटरपर्यंतचे, आणि बरेच जण नजरेनेच मोजतात.

डॅशबोर्डवर पॅडच्या झिजेचा दिवा लागलेला नाही. म्हणजे पॅड ठीक आहेत ना?

बहुधा. खात्रीने नाही. बीएमडब्ल्यूच्या बहुतेक मॉडेलांत झिजेचे सेन्सर दोनच असतात, पुढे डावीकडे आणि मागे उजवीकडे. उरलेल्या दोन चाकांवर काय चाललंय ते गाडीला ठाऊक नसतं. पुढच्या उजव्या कॅलिपरचा पिस्टन अडकून तिथला पॅड पार लोखंडाला टेकला तरी सेन्सरवाला दिवा शांत राहू शकतो. गाडी दाखवते तो 'अजून इतके किलोमीटर' हा आकडाही तुमच्या चालवण्यावरून काढलेला हिशोब असतो.

दिवा लागला. आता किती चालवता येईल?

शहरात, सावकाश, भेटीची वेळ मिळेपर्यंतचे काही दिवस. घाट, एक्स्प्रेसवे आणि लांबचा प्रवास नको. दिव्यासोबत लोखंड घासल्याचा खरखर आवाज येत असेल तर तेवढंही नको, टो करून न्या. एका दिवसाच्या घासण्यात डिस्क वाया जाते आणि मग बिल दुप्पट होतं.

पुढच्या ब्रेकवर जास्त भार येतो म्हणतात. मग माझे मागचे पॅड आधी कसे संपले?

भार पुढेच जास्त येतो. पण पुढचे पॅड आकाराने मोठे असतात, आणि आजच्या गाड्या तुम्ही पेडलला पाय लावलेला नसतानाही ब्रेक लावतात. वळणावर गाडी सरळ ठेवणारी स्टॅबिलिटी प्रणाली, पुढच्या गाडीपासून अंतर राखणारा क्रूझ कंट्रोल, सिग्नलला गाडी धरून ठेवणारा ऑटो होल्ड हे सगळे ब्रेकच वापरतात, आणि गाडीचं नाक खाली जाऊ नये म्हणून हलक्या ब्रेकचा बराच वाटा मागे देतात. ईस्टर्न फ्रीवे उतरून गर्दीत अंतर राखणारा क्रूझ लावून बसणाऱ्यांचे मागचे पॅड आधी संपले तर त्यात बिघाड शोधू नका. मात्र मागच्या डाव्या-उजव्या पॅडमध्ये २ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक दिसला तर तो बिघाड. कॅलिपर नाहीतर पार्किंग ब्रेक कुठेतरी अडकतोय.

शोरूमचेच पॅड घ्यायचे की बाहेरचे चालतील?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा आणि सगळ्यात चुकीची उत्तरं मिळणारा प्रश्न हा.

गाडी बनवणाऱ्या कंपन्या पॅड स्वतः बनवत नाहीत. टेक्स्टार, ज्युरिड, पॅजिड, एटीई, ब्रेम्बो यांसारखे घर्षणातले जाणकार ते बनवतात आणि गाडीच्या कंपनीच्या खोक्यात भरून देतात. हेच उत्पादक स्वतःच्या नावाच्या खोक्यातही त्याच गाडीसाठी पॅड विकतात, बऱ्याच कमी किमतीत. दोन्ही पॅड शंभर टक्के एकच असतात असं मात्र समजू नका. घर्षणाच्या थराचा मसाला वेगळा असू शकतो, पाठीवरची आवाज मारणारी शिम हलकी असू शकते, सोबतच्या क्लिपा आणि बोल्ट नसू शकतात. रस्त्यावरच्या वापरात हा फरक किमतीतल्या फरकाइतका मोठा कधीच नसतो.

माझं मत असं. वॉरंटी किंवा सर्व्हिस पॅकेज चालू असेल तर शोरूमचा पार्ट, वाद नको. ते संपलं असेल तर मूळ पुरवठादाराच्या स्वतःच्या खोक्यातला, आर ९० शिक्का असलेला पॅड. नाव न ऐकलेला, निम्म्याहून कमी किमतीचा पॅड अडीच टनांच्या गाडीला लावू नये. आणि 'रेसिंग' पॅड तर मुळीच नको. ते तापल्यावर उत्तम धरतात, पण सकाळी सोसायटीच्या गेटबाहेर मूल आडवं आलं तर त्या थंड पॅडला हवी ती पकड नसते.

आर ९० हा युरोपीय नियम बदली ब्रेक पॅडसाठी आहे. त्यानुसार बदली पॅडची कामगिरी मूळ पॅडच्या १५ टक्के पुढेमागे असावी लागते. जास्त चावणारा पॅडही नापास होतो, आणि ते योग्यच आहे, कारण चाक लॉक होऊ न देणारं एबीएस आणि स्टॅबिलिटी प्रणाली यांचं सगळं गणित मूळ पकडीवर बेतलेलं असतं. खोक्यावर आणि पॅडच्या पाठीवर वर्तुळातलं इंग्रजी ई अक्षर, त्यापुढे देशाचा आकडा आणि ९० आर ने सुरू होणारा क्रमांक शोधा. ई १ म्हणजे मान्यता जर्मनीत मिळाली, ई ४ म्हणजे नेदरलँड्समध्ये, ई ११ म्हणजे ब्रिटनमध्ये. पॅड कुठे बनला हे त्यावरून कळत नाही.

मॉडेल आणि वर्ष सांगितलं तरी दुकानदार चेसिस नंबर का मागतो?

चांगला दुकानदार आहे, त्याला सोडू नका. एकाच वर्षाच्या एकाच मॉडेलमध्ये इंजिन, पॅकेज आणि पर्यायाप्रमाणे दोन-तीन आकाराचे ब्रेक असतात. बीएमडब्ल्यूला एम स्पोर्ट ब्रेक घेतले असतील तर कॅलिपर मोठे असतात. ऑडीमध्ये ब्रेकचा आकार पीआर कोडवरून, म्हणजे गाडीत कोणते पर्याय बसवलेत ते सांगणाऱ्या कोडवरून कळतो, आणि ते कोड असलेलं स्टिकर बूटमध्ये स्पेअर व्हीलच्या खळग्यात चिकटवलेलं असतं. १७ अक्षरांचा चेसिस नंबर दिला की हा सगळा घोळ मिटतो. जुना पॅड हातात असेल तर त्याच्या पाठीवरचा पाच आकडी डब्ल्यूव्हीए क्रमांकही जुळवून बघा, तो पॅडच्या आकाराचा असतो. पुण्याच्या नाना पेठेत किंवा मुंबईच्या ऑपेरा हाऊसच्या पार्ट बाजारात नुसतं 'सी क्लासचे पुढचे द्या' म्हणून उभं राहिलात तर परत एक चक्कर ठरलेली.

माझे अलॉय दोन दिवसांत काळे होतात. सिरॅमिक पॅड लावू का?

युरोपीय गाड्यांना कारखान्यातून येतात ते बहुतेक पॅड कमी धातूच्या वर्गातले. त्यात पोलाद आणि इतर धातूंचं थोडं प्रमाण असतं. ते थंड असतानाही चावतात, तापल्यावरही धरतात, आणि त्याची किंमत म्हणून स्वतःही झिजतात, डिस्कलाही झिजवतात. चाकावरची काळी पूड ही पॅड आणि डिस्क दोघांची मिळून असते. ही निवड ऑटोबानचा वेग डोळ्यांसमोर ठेवून झालेली आहे. गाडी चाकणला जोडलेली असली तरी ब्रेकची आखणी तिकडचीच.

सिरॅमिक पॅडमध्ये पोलादाच्या तंतूंऐवजी सिरॅमिक तंतू आणि बारीक भुकटी असते. पूड कमी पडते, पडते तीही फिकट, आणि आवाज कमी येतो. अमेरिकेत याच जर्मन गाड्यांचे मालक पुडीला कंटाळून सर्रास सिरॅमिकवर जातात. फरक पेडलवर जाणवतो. पहिल्या स्पर्शाची पकड जरा मऊ लागते, आणि स्वस्त सिरॅमिक पॅड तापल्यावर निराश करतात.

गाडी शहरातच फिरत असेल आणि पुडीचा खरोखर त्रास होत असेल तर आर ९० मान्यता असलेला सिरॅमिक पॅड लावा. एटीईसारखे उत्पादक तो बनवतात. दर महिन्याला महाबळेश्वर किंवा गोवा करणाऱ्यांनी मूळ प्रकारच्या पॅडवर राहावं आणि पाण्याचा पाइप हाताशी ठेवावा. 'सिरॅमिक म्हणजे वरच्या दर्जाचा' हे विक्रेत्यांनी पसरवलेलं आहे.

पॅडच्या कडेला छापलेल्या एफएफ किंवा जीजी या अक्षरांचा अर्थ काय?

घर्षणाचा वर्ग. पहिलं अक्षर सामान्य तापमानाचं, दुसरं तापलेल्या अवस्थेतलं. ई म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. चाचणी पॅडच्या छोट्या तुकड्यावर होते, पूर्ण गाडीवर होत नाही, त्यामुळे या अक्षरांवरून खरेदी करू नका. एक गोष्ट मात्र यातून कळते. जीएफ असं लिहिलं असेल तर तापल्यावर पकड उतरते हे उत्पादकच सांगतोय.

डुप्लिकेट माल कसा ओळखायचा?

खोक्यावरून ओळखणं आता अवघड झालंय, छपाई हुबेहूब करतात. पॅड हातात घेऊन बघा. थराच्या कडा भुसभुशीत आहेत का, नखाने पूड निघते का, पाठपट्टीवरचा क्रमांक कोरलेला आहे की नुसता शाईचा, एकाच खोक्यातल्या चारही पॅडवर बॅच क्रमांक सारखा आहे का. बऱ्याच उत्पादकांच्या खोक्यावर क्यूआर कोड असतो, तो त्यांच्या अधिकृत ॲपने स्कॅन करा. साध्या कॅमेऱ्याने स्कॅन करून उघडलेली वेबसाइटही नकली असू शकते. जीएसटीचं पक्कं बिल द्यायला टाळाटाळ झाली की खोकं परत करा.

पॅडबरोबर डिस्कही बदलायला सांगतात. खरंच गरज असते का?

डिस्कच्या कडेवर किंवा मधल्या भागावर किमान जाडी कोरलेली असते. मायक्रोमीटर लावून मोजा. जाडी त्या आकड्याच्या खाली असेल तर बदलायची, किंचित वर असेल तरीही बदलायची, कारण नव्या पॅडचं आयुष्य संपण्याआधी ती खाली जाणार. भरपूर वर असेल, खोल चरे नसतील, पेडल थरथरत नसेल, तर जुन्या डिस्कवर नवे पॅड चालतात. मूळ पॅड डिस्कही खातात, त्यामुळे साधारणपणे दोन जोड पॅडमागे एक जोड डिस्क असा हिशोब पडतो. म्हणजे दुसऱ्या वेळी शोरूमवाल्याने डिस्क सांगितली तर त्याच्यावर लगेच संशय घेऊ नका. पहिल्याच वेळी सांगितली तर आकडा दाखवायला सांगा.

लेथवर मारून डिस्क सपाट करण्याचा उपाय आपल्याकडे अजून सुचवला जातो. या गाड्यांच्या डिस्कमध्ये मुळातच दोन-अडीच मिलिमीटर झिजेची मुभा असते. लेथने त्यातली बरीचशी काढून टाकल्यावर उरतं काय? पातळ डिस्क लवकर तापते आणि थरथर परत येते.

थरथर आली की डिस्क 'वाकली' म्हणतात. बहुतेक वेळा ती वाकलेली नसते. पॅडचा मसाला एखाद्या भागावर जास्त चिकटलेला असतो किंवा जाडीत सूक्ष्म फरक पडलेला असतो. डिस्क ज्यावर बसते त्या हबवर गंजाची पापडी ठेवून नवी डिस्क बसवली तरी काही हजार किलोमीटरनंतर नेमका हाच त्रास सुरू होतो. हब तारेच्या ब्रशने घासून लखलखीत करण्याचं पाच मिनिटांचं काम घाईत सगळ्यात आधी वगळलं जातं.

जुना सेन्सर परत वापरता येतो का?

दिवा लागण्याआधी पॅड बदलले आणि सेन्सर सहज सुटून आला तर येतो. दिवा लागून गेलेला असेल तर नाही, कारण त्याची तार डिस्कला घासून तुटलेली असते. जुन्या सेन्सरचं प्लॅस्टिक उष्णतेने ठिसूळ होतं आणि काढतानाच तुटतं, म्हणून पॅड मागवताना सेन्सर मागवून ठेवलेला बरा. दोन तारा जोडून दिवा घालवणारे मिस्त्री भेटतात. त्यांच्या हातात गाडी देऊ नका.

एकाच चाकाचे पॅड बदलले तर?

चालणार नाही. एका ॲक्सलचे, म्हणजे पुढच्या किंवा मागच्या दोन्ही चाकांचे, चारही पॅड एकाच वेळी, एकाच खोक्यातले.

घरी पार्किंगमध्ये स्वतः बदलता येतील?

साध्या गाडीवर हात बसलेला असेल तरी इथे तीन ठिकाणी थांबून विचार करा.

पहिलं ठिकाण इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेक. मागच्या कॅलिपरवर मोटर असेल तर पिस्टन आत ढकलण्याआधी गाडी सर्व्हिस मोडमध्ये घालावी लागते. ते काम स्कॅनरने होतं, काही मॉडेलांत डॅशबोर्डच्या मेनूतूनही होतं. तसं न करता क्लॅम्प लावून जोर दिला तर मोटरच्या आतला स्क्रू तुटतो आणि नवा कॅलिपर घ्यावा लागतो. जुन्या मर्सिडीजमध्ये पार्किंग ब्रेक डाव्या पायाने दाबायचा असतो आणि त्याचे शू मागच्या डिस्कच्या आतल्या ड्रममध्ये असतात. तिथे हा प्रश्न येत नाही.

दुसरं, मर्सिडीजची २००२ ते २००६ दरम्यानची डब्ल्यू २११ ई क्लास आणि त्या काळातल्या एसएल, सीएलएस. यांत एसबीसी नावाची प्रणाली आहे, ती पंपाने दाब साठवून ठेवते. रिमोटने कुलूप उघडलं किंवा दार उघडलं तरी ती जागी होऊन पिस्टन बाहेर ढकलू शकते, आणि तेव्हा तुमची बोटं तिथे असतील. स्कॅनरने ती निष्क्रिय केल्याशिवाय त्या गाडीच्या ब्रेकला हात लावायचा नाही. मर्सिडीजने २००६ च्या सुधारित ई क्लासमध्ये ही प्रणाली काढून टाकली. सेकंडहँड बाजारात मात्र अशा गाड्या अजून फिरतात, आणि स्वस्त मिळतात म्हणून हौशी लोकांच्याच हाती पडतात.

तिसरं, एअर सस्पेन्शन, म्हणजे स्प्रिंगऐवजी हवेच्या दाबावर उभी राहणारी गाडी. गाडी जॅकवर असताना ती स्वतःची उंची ठीक करायला जाते. आधी मेनूतून जॅक मोड लावा, आणि नुसत्या जॅकवर कधीच काम करू नका, खाली स्टँड हवेतच.

हे सगळं जमणार असेल, ठरावीक जोराने बोल्ट आवळणारा टॉर्क पाना असेल आणि मॉडेलचं मॅन्युअल हाताशी असेल तर खुशाल करा. काम सुंदर आहे. पिस्टन ढकलण्याआधी ब्रेक ऑइलच्या डबीत डोकवा, काठोकाठ असेल तर थोडं उपसा, नाहीतर ते सांडून रंग खाईल. कॅलिपर ब्रेकच्या रबरी पाइपवर लोंबकळत ठेवू नका, तारेने बांधा. सरकत्या पिनांना रबराला चालणारं सिलिकॉन ग्रीस लावा, साधं पिवळं ग्रीस रबर फुगवतं. गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाबत राहा. ही शेवटची गोष्ट विसरली तर पहिल्या दाबाला पेडल थेट तळाला जातं.

गॅरेजमध्ये उभं राहून नेमकं काय बघायचं?

जुन्या पॅडच्या जागी नवे घातले, एवढ्यावर काम संपत नाही. कॅलिपरच्या ज्या खाचांत पॅडचे कान सरकतात त्या घासून स्वच्छ केल्या का, पिना काढून ग्रीस केल्या का, एकदाच वापरायचे बोल्ट नवे घातले का, आणि चाकाचे बोल्ट शेवटी टॉर्क पान्याने आवळले का. बहुतेक जर्मन गाड्यांना ते मॉडेलप्रमाणे १२० ते १५० न्यूटन-मीटरच्या दरम्यान लागतात. हवेच्या गनने ठोकून आवळलेले बोल्ट पंक्चरच्या वेळी रस्त्यात सुटत नाहीत. कॉम्प्रेसरच्या हवेने ब्रेकची पूड उडवत असतील तर लांब उभे राहा, आणि जमलं तर त्यांनाही थांबवा. ती धूळ फुप्फुसात जाण्यासारखी नाही.

जुने पॅड आणि जुना सेन्सर परत मागा. घरी ठेवण्यासाठी नाही. ते तुमच्याच गाडीचे आहेत आणि खरंच संपले होते, हे बघण्यासाठी.

ब्रेक ऑइल बदलायचंच का? डबी तर भरलेली आहे.

डबी भरलेली असणं आणि ऑइल चांगलं असणं या दोन वेगळ्या गोष्टी. ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता ओढून घेतं. डॉट ४ प्रतीचं ऑइल कोरडं असताना किमान २३० अंश सेल्सिअसला उकळतं. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मिसळलं की प्रमाणानुसारची किमान हद्द १५५ अंशांवर येते. उकळलं की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल स्पंजासारखं खाली जातं. चार महिने पाऊस आणि उरलेले महिने कोकणाची किंवा मुंबईची दमट हवा, तेव्हा दर दोन वर्षांनी बदला, गाडी कमी फिरली असली तरीही. बऱ्याच नव्या गाड्यांना कमी घट्टपणाचं डॉट ४ लागतं, कारण एबीएसच्या बारीक झडपांतून ते झटकन वाहायला हवं. डबीच्या झाकणावर लिहिलेलं बघा. डॉट ५ हे सिलिकॉनचं असतं, ते या गाड्यांत घालायचं नाही. डॉट ५.१ वेगळं, आकडा जवळचा म्हणून गफलत करू नका.

नवे पॅड बसवल्यावर ब्रेक कमी लागतात. काही चुकलं का?

नव्या पॅडचा थर डिस्कवर बसायला वेळ लागतो. मोकळ्या रस्त्यावर ६० वरून १० पर्यंत मध्यम दाबाने वेग उतरवा, मग थोडं चालवून ब्रेक निवू द्या, असं आठ-दहा वेळा करा. पूर्ण थांबू नका, आणि तापलेल्या ब्रेकवर पाय दाबून उभे राहू नका. पॅडचा ठसा डिस्कवर उमटतो आणि थरथर तिथूनच सुरू होते. पुढचे दोन-तीनशे किलोमीटर गरजेशिवाय करकचून ब्रेक मारू नका. पॅड बदलून दुसऱ्याच दिवशी सहकुटुंब ताम्हिणीला निघायचा बेत असेल तर पॅड आठवडाभर आधी बदला.

आवाज येतोय. कोणता आवाज काळजीचा?

पावसाच्या रात्रीनंतर पहिल्या दोन-तीन ब्रेकला येणारी खरखर ही डिस्कवर चढलेल्या तांबूस गंजाची, सोडून द्या. थांबता थांबता येणारी बारीक किंचाळी ही कंपनाची असते. पॅडच्या पाठीला शिम नाही, कानांना सिरॅमिक पेस्ट नाही किंवा पॅडच्या कडा तिरक्या घासलेल्या नाहीत यांतलं काहीतरी कारण निघतं. त्रासदायक आहे, धोक्याची नाही. लोखंडावर लोखंड घासल्याचा सलग आवाज, ब्रेक न दाबताही येणारा, हा धोक्याचा. आणि एका चाकाशी जळका वास किंवा इतर चाकांपेक्षा खूप जास्त धग जाणवली तर कॅलिपर अडकलाय.

घाट उतरताना जळका वास येतो. पॅड खराब आहेत का?

पॅड बहुधा बरे असतात. खंडाळ्याहून खोपोलीला उतरताना गाडी साधारण ५०० मीटर खाली येते. तेवढ्या उतारात सुटणारी ऊर्जा ही तीच गाडी ताशी १०० वरून बारा-तेरा वेळा पूर्ण थांबवण्याइतकी आहे. गाडीचं वजन कितीही असो, हे प्रमाण तेच राहतं. महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरताना उंची हजार मीटरहून जास्त घटते, म्हणजे हा हिशोब दुपटीच्या वर जातो. ही सगळी उष्णता ब्रेकमध्ये ओतायची की काही इंजिनला द्यायची, हे चालवणारा ठरवतो.

ऑटोमॅटिक गाडीत स्टीअरिंगमागचा वजा खुणेचा पॅडल ओढा आणि दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरा. इंजिन ओरडेल, ओरडू द्या. ब्रेकवर पाय ठेवून घसरत येऊ नका. वेग वाढला की ठाम दाबा, उतरवा, पूर्ण सोडा. न्यूट्रलमध्ये उतरून इंधन वाचवण्याचा प्रकार आधुनिक इंजिनात निरर्थक आहे, कारण गिअरमध्ये पाय सोडला की इंजेक्टर तसेही बंद होतात. खाली पोचल्यावर चाकांवर पाणी मारू नका. तापलेल्या बिडाच्या डिस्कला तडा जायला तेवढं पुरतं.

पोर्शवाल्या मित्राकडे पिवळे कॅलिपर आहेत. त्याचे पॅड वेगळे असतात का?

पोर्शमध्ये पिवळा कॅलिपर ही कार्बन-सिरॅमिक डिस्कची खूण. कंपनीने त्या २००१ मध्ये ९११ जीटी २ वर आणल्या. वजन बिडाच्या डिस्कच्या निम्म्याच्या आसपास, गंज नाही, पूड जवळपास नाही. त्यांना त्यांचेच पॅड लागतात, बिडाच्या डिस्कचे पॅड लावायचे नाहीत. या डिस्कची झीज नुसत्या जाडीवरून कळत नाही, वजन किंवा खास उपकरणाने तपासतात. चाक काढताना ते डिस्कच्या काठावर आपटलं आणि टवका उडाला तर एका डिस्कची किंमत ऐकून बसायला खुर्ची लागेल. पंक्चरवाल्याला चाक काढू देताना मित्राला शेजारी उभं राहायला सांगा.

इलेक्ट्रिक लक्झरी गाडीचे पॅड कधी संपतच नाहीत म्हणे?

झिजतात फार कमी, कारण बहुतेक वेग मोटरच उतरवते आणि वीज बॅटरीत परत जाते. चाकणला २०२२ पासून जोडल्या जाणाऱ्या ईक्यूएससारख्या अडीच टनांच्या गाडीतही रोजच्या वापरात पॅडला फारसं काम पडत नाही. त्रास उलट्या बाजूचा होतो. न वापरलेल्या डिस्कवर गंज बसतो, पिना अडकतात. आठवड्यातून एकदा मोकळ्या रस्त्यावर मागे कुणी नाही हे बघून चार-पाच ठाम ब्रेक मारा, आणि पॅड जाड असले तरी वर्षातून एकदा कॅलिपर उघडून साफ करा.

बाहेर पॅड बदलले तर गाडीची वॉरंटी जाते का?

पॅड स्वतः झिजणाऱ्या वस्तूंत मोडतात, त्यांच्या झिजेला वॉरंटी नसतेच. बाहेरच्या गॅरेजांना सुटे भाग आणि तपासणीची उपकरणं मिळू न देण्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना २,५४४ कोटी रुपयांहून जास्त दंड ठोठावला होता. प्रकरण पुढे न्यायालयांत गेलं. व्यवहारात इतकंच सांगता येईल, की वॉरंटीच्या काळात बाहेर काम केलंच तर बिल, पार्ट क्रमांक आणि फोटो जपून ठेवा. उद्या ब्रेकशी संबंधित दावा करायचा झाला तर वाद तिथेच होणार.

भाऊ जर्मनीहून येतोय. त्याला पॅड आणायला सांगू का?

सांगा, पण चेसिस नंबरवरून पार्ट क्रमांक काढून आणि तो लिहून द्या. पुढच्या पॅडचा जोड दोन-तीन किलोंचा भरतो, डिस्क मात्र आणायला सांगू नका. अमेरिकेहून कुणी येत असेल तर तिथल्या बाजारात त्याच गाडीसाठी सहसा सिरॅमिक पॅड पुढे केले जातात आणि त्यांवर आर ९० शिक्का असेलच असं नाही, हे आधी बोलून घ्या. कस्टमचं त्याने त्याचं बघावं.

गाडी दोन महिन्यांत विकायची आहे. आता पॅड बदलू का?

४ मिलिमीटर किंवा जास्त असतील तर नको, घेणाऱ्याला मापाचा कागद दाखवा. ३ च्या खाली असतील तर बदला. दोन महिने गाडी तुम्हीच चालवणार आहात.